विंचवाचं बिऱ्हाड आणि काकांच्या आगगाड्या



दरवर्षी जानेवारी उजाडला की आमच्या शाळेत सहलीचं वारं सुटतं. कुठे जायचं, वर्गणी किती, एस.टी. मिळणार की नाही, डब्यात काय आणायचं! पण यंदा चौथीच्या वर्गाने एक भलतीच सहल आखली. या सहलीला वर्गातलं कुणीच जाणार नव्हतं, वर्गणी शून्य होती, आणि तरीही तिच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी खऱ्या सहलीवरूनही कधी झाली नव्हती.

त्याचं असं झालं. माझा मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याचा एका रविवारी फोन आला. म्हणाला, "ताई, आई-बाबा उन्हाळ्यात इकडे येताहेत. त्यांना लॉस एंजेलिसपासून आमच्या घरापर्यंत मोटारहोमने आणायचं म्हणतोय. तू इतक्या सहली काढतेस, तर वेळापत्रक तूच बसव. माझी रजा मोजून चौदा दिवस. त्यातले दहा रस्त्यावर, चार घरी आराम. आणि हो, बाबांना आगगाडीत बसवायचंय. एकदा नाही, जमेल तितक्यांदा."

त्याचे बाबा म्हणजे माझे काका. रेल्वेत गार्ड होते. (गार्डला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, २०२२ पासून. काकांना ते नाव मुळीच आवडत नाही. "हिरवं निशाण दाखवतो तो गार्ड, मॅनेजर बँकेत असतो!" असं त्यांचं म्हणणं.) कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडायची, ती ढकलत ढकलत गाडीला बोरघाट चढवून लोणावळ्याला आणायची, हे काकांनी उभी हयात पाहिलेलं. वय आता चौऱ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण शिट्टी ऐकली की माणूस ताठ उभा राहतो.

मी म्हटलं, करू की! आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा नकाशा घेऊन वर्गात गेले.

आधी मोटारहोम म्हणजे काय ते सांगायला हवं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसंच. टेम्पोएवढी, कधी बसएवढी गाडी, आणि आत अख्खं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, तिच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. मागे गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, रात्री मोडून पलंग करता येईल असं टेबल, आणि न्हाणीघर-संडाससुद्धा! "बाई, ते कुठे जातं?" असा प्रश्न लगेच आला. कुठला ते सांगायला नकोच. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची आणि तिसरी त्याची. ही तिसरी टाकी वाटेल तिथे सोडून चालत नाही. त्यासाठी ठरलेल्या जागा असतात आणि तिथे जाड नळी लावून ती आपल्या हातांनी रिकामी करावी लागते. वर्गात पाच मिनिटं नुसता "ईऽऽ" चालला होता. रात्री मुक्कामाला कॅम्पग्राउंड नावाची मैदानं असतात. चांगल्या मैदानात आपल्या गाडीला वीज, पाणी आणि गटाराची जोडणी मिळते. नावाजलेल्या ठिकाणच्या जागा सहा सहा महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. आणि एक : गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचं. एकीकडे गाडी पळतेय आणि मावशी पोळ्या लाटतेय, असलं चित्र मनातून पुसून टाका.

आता मार्ग. मी फळ्यावर ठिपके काढले. लॉस एंजेलिस ते विल्यम्स ७०० कि.मी. विल्यम्सला पहिली आगगाडी. तिथून मॉन्युमेंट व्हॅली ३३० कि.मी. मग डुरँगो २६०, तिथे दुसरी आगगाडी. पुढे मॅनिटू स्प्रिंग्ज ५००, तिथे तिसरी. त्यानंतर सपाट मैदानातून सेंट लुईस १३४०, अल्टूना ११००, आणि भावाचं घर ४००. बेरीज केली, ४६३० कि.मी. दहा दिवसांतले तीन आगगाड्यांचे. उरले सात. "बसलं की!" असं म्हणत मी खडू खाली ठेवला. स्वतःवर बेहद्द खूश होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ड्रायव्हर झोपणार कधी?"

हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. हजेरीला "हजर" म्हणतो, तेवढाच काय तो त्याचा आवाज. तो उठून फळ्याजवळ आला आणि म्हणाला, "चार हजार सहाशे तीस भागिले सात करा." केलं. रोजचे ६६१ कि.मी. "चहापाणी, डिझेल, जेवण धरून तासाला सत्तर पडतात बाई. लई झाले. म्हणजे रोजचे साडेनऊ तास. सात दिवस. आन तुमचा भाऊ एकटाच चालवणार?"

मी म्हटलं, "वहिनीही थोडी चालवील."

"मंग ठीक. पण डोंगरात सत्तरपण नाही पडत."

त्याचे वडील ट्रक चालवतात. आमचा भाग कांद्याचा. इथून कांदा भरून ते कोलकात्यापर्यंत जातात, येताना मिळेल तो माल आणतात. घरी येतात ते पाहुण्यासारखे. गेल्या दिवाळीला ते फटाके घेऊन आले, तेव्हा भाऊबीज होऊन गेली होती. हे त्यानेच सांगितलं, अगदी सरळ, पावसाबद्दल बोलावं तसं.

मग त्याला मी खुर्चीजवळच उभा केला आणि सगळ्या वर्गाने माझं वेळापत्रक फाडून काढलं. एकेक आगगाडी घेऊन बसलो.

पहिली ग्रँड कॅनियन रेल्वे. विल्यम्स या छोट्या गावातून निघते आणि सुमारे १०३ कि.मी. जाऊन थेट त्या जगप्रसिद्ध दरीच्या काठावर सोडते. १९०१ साली ही सुरू झाली. पुढे लोक मोटारीने जाऊ लागले आणि १९६८ मध्ये प्रवासी गाडी बंद पडली. एकवीस वर्षांनी, १९८९ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. आणि ती दरी! कोलोरॅडो नदीने लाखो वर्षं खडक कापत कापत केलेली. लांबी ४४६ कि.मी., खोली सुमारे १.६ कि.मी. म्हणजे आपलं कळसूबाई शिखर (१६४६ मीटर) उचलून तळाशी ठेवलं, तर त्याचं टोक जेमतेम काठापर्यंत येईल. ही गाडी सकाळी निघते आणि संध्याकाळी परत आणते. मी मात्र त्याच संध्याकाळी पुढचे ३३० कि.मी. कापायचे असं लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, रात्री जायचं तर मग बघायचं काय? अंधार?" बरोबरच होतं तिचं. मॉन्युमेंट व्हॅली म्हणजे लाल मातीच्या पठारावर एकटे उभे राहिलेले प्रचंड सुळके. त्यांच्यामधून रात्री झोपत जायचं असेल, तर इतक्या लांब जाता कशाला? एक मुक्काम वाढला.

इथे मी मुलांना एक गंमत सांगितली, तुम्हालाही सांगते. आपल्याकडे द्वारकेपासून अरुणाचलपर्यंत एकच घड्याळ. अमेरिकेत तसं नाही. पूर्वी तिथे गावोगावी सूर्य पाहून आपापलं घड्याळ लावायचे आणि आगगाड्यांची वेळापत्रकं करणाऱ्यांच्या डोक्याचा पार भुगा व्हायचा. शेवटी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनीच देशाचे वेळेचे पट्टे पाडले. वर आणखी एक भानगड : उन्हाळ्यात बहुतेक अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते. पण अ‍ॅरिझोना राज्य करत नाही. आणि त्याच राज्यात नवाहो नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांचा जो मोठा प्रदेश आहे, तो मात्र करतो! म्हणजे काका ग्रँड कॅनियनहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे निघाले की राज्य बदलण्याआधीच त्यांचं घड्याळ एक तास मागे पडणार. ज्या माणसाने जन्मभर गाडी सुटल्याची मिनिटं लिहून ठेवली, त्याला हे आधी सांगितलेलं बरं. आम्ही वहीत लाल पेनने लिहून ठेवलं.

दुसरी डुरँगो ते सिल्व्हरटन. ही माझी सर्वांत लाडकी, म्हणून हिच्यावर दोन तास गेले. (गणिताचे होते, पण ते काय गणित नव्हतं?) सिल्व्हरटनच्या डोंगरात चांदी-सोन्याच्या खाणी होत्या. ती खनिजं खाली आणायला १८८१-८२ मध्ये ७२ कि.मी.चा लोहमार्ग घातला. डोंगराला तासून, अ‍ॅनिमस नदीच्या कडेकडेने. काही जागी खिडकीतून खाली पाहिलं तर नदीच दिसते, रूळ दिसतच नाहीत! रुळांमधलं अंतर फक्त तीन फूट, कारण अरुंद गाडी कडक वळणं घेऊ शकते. आपली नेरळ-माथेरानची राणी त्याहून चिमुकली, दोन फुटांची, १९०७ मधली. मी वर्गाच्या फरशीवर खडूने तिन्ही मापं काढली : माथेरानचे दोन फूट, सिल्व्हरटनचे तीन, आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या गाडीचे साडेपाच. मुलं तिन्हींवरून 'गाडी' करून पळाली. दोन फुटांवरून पळताना वळण कसं चटकन घेता येतं, ते पायांनाच कळलं.

ही गाडी आजही वाफेच्या इंजिनांवर धावते. पण २०१८ च्या उन्हाळ्यात त्या डोंगरात मोठा वणवा पेटला, त्यानंतर इंजिनांत कोळशाऐवजी तेल जाळायला सुरुवात झाली. कोळशाच्या धुरातून ठिणग्या उडतात आणि जंगल सुकलेलं असतं. मला काकांचं वाईट वाटलं, त्यांना कोळशाचा वास फार आवडतो. पण जंगल महत्त्वाचं, त्यांनाही ते पटेल.

डुरँगोच्या वाटेवर मेसा व्हर्डे नावाचं ठिकाण आहे. कड्याच्या कपारीत शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी दगडी घरं बांधली, अगदी वाड्यांसारखी. माझ्या पहिल्या यादीत ते नव्हतंच. मुलांनी चित्र पाहिलं आणि एकमताने एक दिवस वाढवला. मी गप्प बसले.

तिसरी गाडी पाइक्स पीकची. १८९१ सालची. ही तर डोंगराच्या टोकावरच जाते, ४३०२ मीटरवर! अडीच कळसूबाईंपेक्षा उंच. एवढ्या चढावर साधी चाकं घसरतील, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत वर चढतं. आपल्या देशात असा एकच मार्ग आहे, निलगिरीचा. कल्लार ते कुन्नूर या चढावर. पाइक्स पीकची गाडी २०१७ नंतर बंद होती, रूळ नवे घालून २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

पण इथे माझा खडू थांबला. एवढ्या उंचीवर हवा विरळ. समुद्राकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम साठ टक्के तिथे मिळतो. काकांचं वय चौऱ्याहत्तर. मुलं गंभीर झाली. कुणी म्हणालं, न्यायचंच नाही. कुणी म्हणालं, मग त्यांना वाईट वाटेल. मी तिथूनच काकांना फोन लावला, आवाज मोठा केला. काका म्हणाले, "डॉक्टर म्हणाले तर वर जाईन, नाही म्हणाले तर खालच्या स्टेशनात बसेन. ते दातेरी चाक मला खालूनही दिसेल की! पण स्टेशनात बाक आहे का बघून ठेवा रे पोरांनो." मुलांनी लगेच लिहून घेतलं : बाक.

एवढं करेपर्यंत अर्ध्या देशातच दहा दिवस संपले होते. पुढचे २८४० कि.मी. तसेच! पाइक्स पीकच्या पूर्वेला डोंगर संपतात आणि कॅन्ससची मैदानं लागतात. दिवसेंदिवस सरळ रस्ता आणि शेतं. मोटारहोम लिटरला साधारण चार कि.मी. देते ("आमचा ट्रक पण भरल्यावर चारच देतो," इति मागचा बाक), म्हणजे उरलेल्या वाटेला आणखी सातशे लिटर इंधन. भावाला फोन केला. म्हणाला, "रजा वाढणार नाही, ताई. काहीतरी कापा." काय कापायचं यावरून वर्गात दोन तट पडले. आगगाड्या कापा म्हणणारे आणि ग्रँड कॅनियन कापा म्हणणारे. दोघंही चूक, हे दोघांनाही कळत होतं.

दोन दिवस तसेच गेले. मग तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. "बाई, आगगाडीचा ड्रायव्हर बदलतो ना?"

म्हटलं, "हो, ठरावीक स्टेशनात बदलतो." अमेरिकेत तर कायदाच आहे, बारा तासांच्या पुढे इंजिनावर राहायचं नाही.

"मंग गाडी रात्री पण चालती. आन सगळे झोपतात. मंग सपाट भाग आगगाडीनं का नाही जायचा? तिथं बघायचं कमी आहे. गाडी तिथंच सोडून द्यायची."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मोटारहोम भाड्याची. ती डेन्व्हरला परत करता येते, जादा पैसे भरावे लागतात एवढंच. आणि डेन्व्हरहून शिकागोला 'कॅलिफोर्निया झेफर' जाते, सुमारे १६५० कि.मी., एक रात्र. शिकागोहून रात्रीच्या गाडीने पिट्सबर्ग. तिथून सकाळची गाडी, आणि ही गाडी कुठून जाते? अल्टूनाच्या 'घोड्याच्या नालेवरून'! हॉर्सशू कर्व्ह म्हणजे १८५४ मध्ये डोंगर चढण्यासाठी घातलेलं नालेच्या आकाराचं वळण. बोरघाटात जन्म काढलेल्या माणसाला तिथे खिडकीची जागा हवीच. पुढे तीच गाडी न्यू जर्सीत नेवार्कला थांबते. तीन आगगाड्या होत्या, त्या सहा झाल्या!

पुन्हा मोजलं. मोटारहोमचे अकरा दिवस, आगगाडीचे दोन. तेरा. घरी आरामाला एक दिवस उरला. भाऊ म्हणाला, "आराम झोपेच्या डब्यात करू."

मी वर्गाला सांगितलं की आपल्याकडेही १९६१ साली कायदा झाला होता : मोटार चालवणाऱ्या कामगाराला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम द्यायचं नाही. तो जरा वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "पप्पांच्या शेठला माहीत नसंल." कुणी हसलं नाही.

गेल्या शनिवारी सकाळची शाळा सुटताना रस्त्याला ट्रक उभा होता. त्याचे वडील. माल उतरवून घरी निघालेले, दोन दिवसांची सवड. मुलांनी त्यांना गराडाच घातला. त्यांनी एकेकाला वर केबिनमध्ये चढवलं. सीटच्या मागे आडवी फळी, तिच्यावर गोधडी, कोपऱ्यात स्टोव्ह आणि डबे, पाण्याचा कॅन, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. "बाई, हे तर मोटारहोमच!" एक मुलगा ओरडला. "फक्त ती तिसरी टाकी नाही!"

मग मुलाने वडिलांना हात धरून वर्गात आणलं. फळ्यावरचं वेळापत्रक मी पुसलं नव्हतं. त्यांनी चप्पल दाराशी काढली, दोन्ही हात मागे बांधून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. इंग्रजी नावं मुलगा सांगत होता. शेवटी म्हणाले, "चांगलं केलंय बाई. पण एक दिवस रिकामा ठेवा. पंक्चर होतं, गाडीला उशीर होतो. रिकामा दिवस नसला की माणूस घाई करतो."

खरं होतं. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या मालगाड्यांमुळे पुष्कळदा तासन् तास अडकतात. झेफर उशिरा आली, तर शिकागोची पुढची गाडी चुकणार.

"कुठे ठेवू, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्या हातातून खडू घेतला, 'शिकागो'समोर १ लिहिलं, आणि खालच्या तेराचे चौदा केले.

मी त्याच दिवशी भावाला कळवलं. त्याने तिकिटं काढायला घेतली आहेत. काकांचा एकच निरोप आला : हॉर्सशू कर्व्हला गाडीच्या कोणत्या बाजूला बसायचं, ते चौथीच्या वर्गाने नकाशा बघून सोमवारपर्यंत कळवावं.